कुंडीतले वावर

हिवाळा सरता सरता आपल्याकडे झाडाफुलांची प्रदर्शने भरू लागतात. मुंबईत राणीच्या बागेत, पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये, आणि आता तर तालुक्याच्या गावीही. सुटीच्या दिवशी सहकुटुंब जाण्याचे ते एक हक्काचे ठिकाण असते. गुलाब, शेवंती, निवडुंग असे पाहत पाहत माणसे बोन्सायच्या टेबलाशी येतात आणि थबकतात. वीतभर उंचीचा वड आणि त्याला सुतळीएवढ्या पारंब्या! मुले हात लावू पाहतात, आया त्यांचे हात मागे ओढतात. टेबलामागे उभे राहणाऱ्याला येणारे प्रश्न ठरलेले असतात. झाडाचे वय किती, किंमत किती, पाणी रोज घालावे लागते का, आणि शेवटी जरा आवाज खाली आणून, 'झाडाचा जीव नाही का हो गुदमरत?' गेली वीसबावीस वर्षे मी अशा टेबलांमागे उभा राहत आलो आहे. एवढ्या वर्षांत 'यात माती कोणती घातली आहे?' असे विचारणारी माणसे मात्र हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच भेटली.

वास्तविक खरा प्रश्न तोच आहे. झाड जगणार की गुदमरणार, हे फांद्यांना गुंडाळलेल्या तारेवर ठरत नाही. ते ठरते मुळांभोवती काय आहे त्यावर. आणि या प्रश्नाचे उत्तर ऐकून बहुतेकांना नवल वाटते. ते उत्तर असे, की डोंगरावरची चांगली, सुपीक, लालभडक माती कुंडीत घालूच नये. त्यात झाडाचे भले नाही आणि डोंगराचेही नाही. कुंडीतल्या झाडाला विटेचा चुरा पुरतो. मातीची खरी गरज दुसऱ्याच कोणाला तरी आहे. तो दुसरा कोण, हे सांगायला जव्हार तालुक्यातल्या वावर नावाच्या गावापर्यंत जावे लागेल. पण आधी कुंडीचे पाहू.

जमिनीतली माती आणि कुंडीतली माती या दिसायला एक असल्या, तरी त्यांची वागणूक वेगळी असते. जमिनीत गांडुळे, मुंग्या, जुन्या मुळांची भोके यांची अहोरात्र नांगरट चाललेली असते. वरून पडलेले पाणी खालची माती ओढून घेते, तिच्या खालची आणखी खाली ओढते. कुंडीत ही सोय नाही. तिथे दोनअडीच इंचांवर तळ लागतो आणि पाण्याचा पुढचा रस्ता बंद होतो. आणि मुळे पाणी पितात तशी श्वासही घेतात, हे आपण विसरतो. मातीच्या दोन कणांमध्ये जी पोकळी असते, तिच्यात हवा असली तर मूळ जगते. ती पोकळी दिवसचे दिवस पाण्याने भरून राहिली, तर मूळ कुजते. कण जितके बारीक, तितकी पोकळी लहान, आणि लहान पोकळीतले पाणी सहजासहजी हलत नाही.

यासाठी घरच्या घरी, मुलांना बरोबर घेऊन, एक गंमत करून पाहण्यासारखी आहे. स्वयंपाकघरातला भांडी घासायचा चौकोनी स्पंज पाण्यात बुडवून तळहातावर आडवा धरा. थोडे पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज न पिळता उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल! स्पंज तोच, पाणी तेच. मग आडवा असताना ते का अडून बसले होते? कारण तळाशी ठरावीक उंचीपर्यंत पाणी अडूनच राहते, आणि ही उंची भांड्याच्या खोलीवर नव्हे, तर आतल्या छिद्रांच्या बारीकपणावर अवलंबून असते. खोल कुंडीत तळचे बोट-दोन बोटे चिखल झाला, तरी वर मुळांना जागा उरते. बोन्सायचा ट्रे म्हणजे आडवा धरलेला स्पंज. त्यात बारीक माती भरली, तर सबंध ट्रेच तळ होऊन बसतो. कुंडी जितकी उथळ, तितके आतले दाणे जाड हवेत, हा सगळा हिशेब एवढाच आहे.

आता आपल्याकडचा रिवाज पाहा. नर्सरीतून लाल मातीचे पोते आणायचे, निम्मे शेणखत मिसळायचे आणि कुंडी भरायची. पहिले वर्ष बरे जाते. झाड तरारून येते, आपणही खूश असतो. दुसऱ्या पावसाळ्यात बारीक कण तळाशी बसतात, खत कुजून लगदा होतो आणि पाणी वरच तळे करून उभे राहते. मग उन्हाळ्यात तीच माती पाटावरच्या वड्यांसारखी कडक होते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. घातलेले पाणी त्या फटीतून झर्रकन खाली निघून जाते. आपण समजतो, पाणी मिळाले. आणि मधली मुळे कोरडीच्या कोरडी. पावसाळ्यात बुडून आणि उन्हाळ्यात तहानेने, असे ते झाड दोन्हीकडून मरते. 'झाडाचा जीव गुदमरतो का?' या प्रश्नाला माझे प्रामाणिक उत्तर आहे, हो, गुदमरतो. पण कात्रीने नव्हे, मातीने.

बोन्साय ही कला मूळ चीनची, तिला हे नाव आणि आजचे रूप दिले जपानने. 'बोन' म्हणजे पसरट ताट आणि 'साय' म्हणजे लावणे. नावातच भांडे आधी येते! जपानी लोकांनी हा भांड्याचा प्रश्न केव्हाच ओळखला. तिथल्या कांतो भागात ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली एक दाणेदार चिकणमाती मिळते. तिला अकादामा म्हणतात. अर्थ सरळ, लाल गोळी. ही गोळी पाणी धरते आणि दोन गोळ्यांमधून हवाही खेळती राहते. जपानी पुस्तके वाचून आपल्याकडच्या हौशी मंडळींना वाटू लागले, की अकादामा नसेल तर बोन्साय नाही. आज ती परदेशातून येते, लहान पिशव्यांतून विकली जाते आणि मध्यमवर्गीय खिशाला चांगलीच चटका देते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात तो हा प्रकार. अकादामाचे काम आपल्या गल्लीतली भाजकी वीट करते. तीही भाजलेली चिकणमातीच. तिच्या अंगात बारीक छिद्रे असतात, त्यांत पाणी राहते. तुकड्यांच्या मधल्या जागेत हवा राहते. जपानात पावसाळा येतो, पण मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर जो कोसळतो, तसा नव्हे. आपल्या पावसात दोन-तीन वर्षे न विरघळता टिकणारा दाणा आपल्याला हवा.

आपल्याकडे हे शहाणपण कोणाला सुचलेच नाही, असे नाही. मुंबईत ज्योती आणि निकुंज पारेख या दांपत्याने आपल्याच हवेतल्या झाडांवर वर्षानुवर्षे काम केले. २०१८ च्या फेब्रुवारीत पुण्यात प्राजक्ता काळे यांनी तीन हजारांवर बोन्साय एका ठिकाणी मांडून जागतिक विक्रम केला. वड, पिंपळ, नांद्रुक, उंबर, चिंच ही आपल्या पारावरची आणि बांधावरची झाडे ट्रेमध्ये किती देखणी दिसतात, हे आता कोणी सिद्ध करायला नको. झाडे आपली झाली. पण त्यांच्या मुळांभोवती काय असावे, या बाबतीत घरोघरी अजून लाल मातीचे पोतेच चालू आहे.

तेव्हा मी काय वापरतो ते सांगतो. तीन भाग विटेचे तुकडे. हे तुकडे ज्वारीच्या दाण्यापेक्षा बारीक नकोत आणि हरभऱ्यापेक्षा मोठे नकोत. एक भाग पूर्ण कुजलेले, चाळलेले पालाखत. अर्धा भाग लाकडी कोळशाचे तुकडे किंवा भाताचे काळे केलेले तूस. आणि मूठभर निंबोळी पेंड. झाले! कोकणपट्टीत आणि मुंबईत पालाखत थोडे कमी केले तरी चालते. नाशिक, जळगाव, नागपूरकडच्या कोरड्या उन्हाळ्यात ते थोडे वाढवावे, नाहीतर दिवसातून तीनदा पाणी घालत बसावे लागेल. उंबराला ओल आवडते, त्याला खत जरा जास्त. जेडसारख्या गरदार पानांच्या झाडाला जवळजवळ नाहीच.

वीट मात्र पारखून घ्यावी. दोन विटा एकमेकींवर आपटल्या, की आवाज खणखणीत यायला हवा. बद्द आवाजाची वीट कच्ची असते. तुकडे करून रात्रभर पाण्यात ठेवावेत. सकाळी गाळ झाला, तर ती वीट आपल्या कामाची नाही. सिमेंट किंवा चुना चिकटलेले तुकडे बाजूला काढावेत, कारण चुन्याने मुळांना त्रास होतो. मग दोन चाळण्या घ्याव्यात, एक जाड आणि एक बारीक. बारीक चाळणीतून खाली पडेल तो भुगा मोह न ठेवता टाकून द्यावा. बोन्सायच्या मातीची सगळी विद्या या चाळणीत आहे. विटेत अन्न नसते, हे खरे. म्हणून खत थोडे आणि वारंवार द्यावे लागते. दर पंधरवड्याला भिजवलेल्या पेंडीचे पातळ पाणी दिले, तरी पुरते. एकदम भरपूर खत घालून लगेच निकाल मागणे म्हणजे पी हळद आणि हो गोरी.

कुंडी बदलण्याचेही तसेच. झाड स्वतःच वेळ सांगते. पाणी वर साचू लागले, तळच्या भोकातून मुळे डोकावू लागली, किंवा सबंध झाड कुंडीतून वर उचलल्यासारखे दिसू लागले, की समजावे. तरुण वडाला एक-दोन वर्षांनी, जुन्या झाडाला तीन ते पाच वर्षांनी हा खटाटोप करावा लागतो. वड, पिंपळ, नांद्रुक यांना मृगाच्या आगेमागे हात घालावा. हवेत ओल असते आणि झाड वाढीच्या भरात असते. उंबर, चिंच यांना माघ-फाल्गुनात, नवी पालवी फुटण्याच्या बेताला. जेडला पावसात मुळीच छेडू नये. मुळे लाकडी काडीने हलकेच मोकळी करावीत, साधारण तिसरा हिस्सा कापावा, आणि तोही तळाचा व कडेचा. बुंध्याजवळची तंतुमुळे राखावीत, झाड त्यांच्यावर जगते. कुंडीच्या भोकांवर जाळी ठेवून, त्यांतूनच तार ओवून झाड घट्ट बांधावे, कारण हलणाऱ्या झाडाची नवी मुळे तुटत राहतात. मग विटेचे मिश्रण भरून काडीने खोचत जावे, म्हणजे पोकळ जागा राहत नाही. खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत झारीने पाणी घालावे. दोन-तीन आठवडे आडोशाला, कोसळत्या पावसापासून आणि कडक उन्हापासून दूर ठेवावे. महिना-दीड महिना खताचे नाव काढू नये. कुंडी तीच राहिली तरी हरकत नाही. बदलायचे असते ते मुळांचे घर.

मृगाच्या सुमारास बाल्कनीत आमची ही खटपट चालू असते. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, हेच काम पोटासाठी चालू होते. नाशिकहून त्र्यंबकेश्वरावरून निघाले, की घाटवळणांचा रस्ता मोखाड्याला येतो आणि पुढे जव्हारला. नोकरीच्या निमित्ताने मी या भागात काही वर्षे जाऊन येऊन होतो. वावर हे जव्हार तालुक्यातले एक गाव. देशावर, खानदेशात, विदर्भात वावर म्हणजे शेत. या गावाचे नाव कशावरून पडले, त्यात मी शिरत नाही. पण ते कानावर पडले, की डोळ्यांपुढे शेतच उभे राहते. आणि इथले शेत पाहिले, की माती या शब्दाचा अर्थ नव्याने कळतो.

खाचरातला थोडा भात सोडला, तर इथली बरीचशी शेती उतारावरची, वरकस जमिनीची. खाली काळा कातळ आणि वर मातीचा पातळ थर. कित्येक ठिकाणी कुदळ मारली, की पात्याची धार खडकावर वाजते. पाऊस वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर, आणि तोही या उतारांवरून धावत जाणारा. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा समाजांतली माणसे पिढ्यानपिढ्या या थरावर नागली आणि वरई पिकवतात. उन्हाळ्यात पालापाचोळा, फांद्या, शेण जमिनीच्या एका तुकड्यावर पसरून जाळतात, तो राब. पावसाच्या तोंडाला त्या राबात बी टाकतात. रोपे वितीएवढी झाली, की ती उपटून, मुठी बांधून, भर पावसात शेतात लावतात. त्याला आवणी म्हणतात.

ही आवणी मी बांधावर उभा राहून अनेकदा पाहिली आहे. बायका ओणव्या होऊन रोप उपटतात, मुळांना चिकटलेली माती तिथल्या तिथे झटकतात आणि मूठ बांधतात. रोपाला कोणते मूळ लागते, किती उन्हात ते सुकते, पाऊस किती असला म्हणजे ते धरते, हे ज्ञान त्यांच्या बोटांत आहे. आम्ही बोन्सायवाले पुस्तके वाचून जे शिकतो, ते तिथे आठ-दहा वर्षांची मुलगी आईशेजारी उभी राहून शिकते. आणि जमिनीची त्यांची समज तर पाहण्यासारखी. वरकस जमिनीत पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी, आणि मग ती जमीन काही वर्षे पडीक सोडायची, अशी जुनी पद्धत. माती थकते, तिला विसावा द्यावा लागतो, हे त्यामागचे गणित. आता जमिनीचे तुकडे पडले आणि तो विसावाही लहान झाला. पावसाबरोबर थोडी थोडी माती दर वर्षी खाली ओढ्यात जाते. बोटभर जाडीची माती तयार व्हायला निसर्गाला शेकडो वर्षे लागतात, आणि वाहून जायला एखादा आषाढ पुरतो.

या मातीची किंमत काय, ते महाराष्ट्राने १९९२ साली पाहिले. वावर-वांगणीतली मुले कुपोषणाने दगावली आणि तोपर्यंत कोणाच्या नकाशावर नसलेली ही नावे राज्यभर पोहोचली. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ च्या ऑगस्टमध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला. आणि २०१६ साली मोखाड्यातल्या बालमृत्यूंनी पुन्हा वर्तमानपत्रांचे मथळे भरले. भुकेला कारणे अनेक असतात. रोजगार नसतो, दवाखाना लांब असतो, उन्हाळ्यात विहीर आटते, आईच अशक्त असते. नुसत्या मातीवर सगळे ढकलणे खोटे ठरेल. पण ज्या घरात नागलीची कणगी पौषात तळ गाठते, त्या घरात पुढच्या सगळ्या अडचणी दुप्पट होऊन येतात. आणि कणगी किती भरणार, हे कातळावरचा तो थर ठरवतो.

आता शहरातल्या लाल मातीच्या पोत्याकडे पुन्हा पाहा. ती कुठून येते? मी अनेक ठिकाणी विचारले. उत्तर बहुधा एकच, 'डोंगराची आहे.' कोणत्या डोंगराची, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. ती जव्हारचीच असेल, असे माझे म्हणणे नाही. पण कोणत्या तरी डोंगराचा वरचा थर खरवडल्याशिवाय ती पोत्यात येत नाही, एवढे नक्की. आणि असा प्रत्येक डोंगर कोणाचे तरी वावर असतो, किंवा कोणाच्या तरी वावराच्या वर उभा असतो. सरकारी भाषेत माती आणि मुरूम ही 'गौण खनिजे' आहेत. आपल्या बोलीतही फुकट गेलेल्या वस्तूला आपण 'मातीमोल' म्हणतो. हे दोन्ही शब्द वावरच्या उतारावर उभे राहून उच्चारून पाहावेत. जीभ अडखळते.

यावर कोणी म्हणेल, की माझ्या बाल्कनीतल्या चार कुंड्यांनी डोंगर तो किती झिजणार? मान्य आहे. रस्ते, खाणी, भराव आणि खुद्द पाऊस जेवढी माती नेतात, त्यापुढे आपली पोती म्हणजे दर्यामे खसखस. पण आता शहरात कुंड्या चार राहिल्या नाहीत. इमारतींच्या गच्च्यांवर बागा होतात, संकुलांच्या आवारात ट्रकांनी लाल माती पडते. मागणी आहे म्हणून डोंगर पोखरला जातो. शिवाय दुसरी गोष्ट अशी, की गरज असती तर गोष्ट वेगळी होती. ज्या मातीने आपले झाड गुदमरते, तीच माती आपण पैसे देऊन आणायची आणि ज्याच्या पोटाला ती लागते त्याच्या डोंगरावरून ती उचलली जायची, हा व्यवहार कोणत्याच बाजूने शहाणपणाचा नाही. चांगली माती झाडाच्या मुळाशी घालावी असे कुठे असेल, तर ते डोंगरावरच. बाएफ या संस्थेने १९८२ साली गुजरातेतल्या वांसद्यात आदिवासी शेतकऱ्यांबरोबर 'वाडी' सुरू केली, ती पद्धत पुढे जव्हारच्या परिसरातही आली. त्यात उतारावर खड्डे घेऊन, माती आणि शेणखत भरून आंबा-काजूची कलमे लावतात आणि बांध घालून माती अडवतात. तिथे मातीचा एकेक घमेला हिशेबात असतो.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, आणि तो मी स्वतःच घेतो. वीट तरी कशाची असते? तीही मातीचीच. कोणाच्या तरी शेतातली चिकणमाती उकरून ती थापली जाते. एवढेच नव्हे, तर ती थापणारे हात पुष्कळदा याच डोंगरावरचे असतात. भात-नागली घरात आली, की दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातली कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मुले शाळेतून उठतात आणि आईबापांबरोबर भट्टीवर राहतात. पावसाच्या तोंडाला सगळी परततात, ती पुन्हा राबात बी टाकायला. म्हणून माझे सांगणे नवी वीट फोडून चुरा करा, असे नाही. आपल्या शहरांत रोज कुठे ना कुठे जुनी इमारत पाडली जाते. चाळी जातात, वाडे जातात, बंगले जातात. त्यांच्या विटा रॅबिट म्हणून ट्रकात भरून खाडीकाठी किंवा रस्त्याच्या कडेला ओतल्या जातात. त्या विटांमध्ये कोणाचा तरी घाम एकदा खर्च झालेला आहे. त्यातली घमेलाभर स्वच्छ वीट मुकादमाला सांगून उचलून आणली, तर कोणी नाही म्हणत नाही. हातोडी, चाळणी आणि रविवारची सकाळ एवढेच भांडवल लागते. धूळ उडते, म्हणून वीट आधी भिजवून घ्यावी आणि नाकाला फडके बांधावे. मुलांना चाळायला द्यावे, त्यांना ते काम खेळण्याहून आवडते.

ज्यांच्या घरी बोन्साय नाही, त्यांनाही यातले बरेच लागू आहे. तुळस, मोगरा, जास्वंद यांच्या मोठ्या कुंड्यांना थोडी माती लागते, हे खरे. पण दर वर्षी नवे पोते आणायला नको. जुन्या कुंडीतली माती टाकून देऊ नये. ती उन्हात पसरून वाळवावी, मुळ्या काढाव्यात, स्वयंपाकघरातल्या भाजीच्या देठांचे नि सालींचे खत त्यात मिसळावे, थोडा विटेचा चुरा घालावा आणि पुन्हा वापरावी. अशी माती वर्षानुवर्षे चालते. शेतकरी काय, दर साली नवे वावर आणतो थोडाच? तो आहे त्याच मातीला सांभाळतो.

बोन्साय ही श्रीमंतांची हौस आहे, तिच्यावर इतके काय लिहायचे, असेही कोणाला वाटेल. मला तसे वाटत नाही. दोन इंच खोलीच्या ट्रेमध्ये एक झाड वीस वर्षे जगवले, की माणसाला एक गोष्ट आपोआप कळते. मुळांना मिळालेली जागा आणि त्यांच्याभोवतीचे मूठभर द्रव्य, यांवर सगळे उभे असते. ट्रेमधल्या झाडाचे घर आपण हवे तेव्हा बदलू शकतो. डोंगरावरच्या माणसाला ती सोय नाही. त्याची कुंडी एकच, आणि तिच्यातली माती गेली की दुसरी कुठून आणायची, याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही.

तेव्हा येत्या मृगाआधी नर्सरीत गेलात, तर एवढेच करा. लाल मातीचे पोते पुढे आले, की 'माती नको, विटेचा चुरा ठेवता का?' असे विचारा. तो मानेनेच नाही म्हणेल. आठ दिवसांनी दुसऱ्याने विचारावे, मग तिसऱ्याने. दुकानदार हा व्यवहारी माणूस असतो. दहाजणांनी विचारले, की अकरावा येण्याआधी चुरा त्याच्या दारात आलेला असेल.